काहीच होत नसलेल्या बायकांची तपासणी

प्रसूतिगृहाच्या लॅबमध्ये नोकरी केलेला पुरुष चार मित्रांत बसला, की कोणीतरी हळूच विचारतंच, "काय रे साळवी, तुमच्या तिकडचं काहीतरी सांग की!" मी मनाशी ठरवतो, आज एकच सांगायचा. पण एक सांगितला की त्याच्या मागचा आठवतो, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचा कळत नाही. असे ते साचत गेले आहेत. आता घरात ते ऐकायला कोणी तयार नाही, म्हणून इथे.

ऐंशीच्या दशकातली सात-आठ वर्षं मी रत्नागिरीत एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात टेक्निशियन होतो. दहा खाटा, वर बाईंचं घर, आणि जिन्याखाली माझी लॅब. जिन्याखाली म्हणजे खरोखर जिन्याखाली! पहिलं वर्षभर मी रोज एकदा तरी डोकं आपटून घ्यायचो. नंतर डोक्यालाच सवय झाली.

डॉक्टरीणबाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. बारीक अंगाच्या, बोलणं कमी, आणि चिडल्या की आणखी कमी. दुसरी अनशीमावशी, आमची आया. तिचं बोलणं दोघींच्या वाटणीचं. तिसरा मी.

* * *

पहिला किस्सा किस्सा नाही. पण तो सांगितल्याशिवाय बाकीच्यांना काही अर्थ नाही.

एका सकाळी एक मुलगी झाली. चांगली गुटगुटीत, रडणं सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. तिच्या आजोबांनी आम्हाला पेढे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कण्हायला लागली, दुपारी दूध घेईना, आणि दिवेलागणीच्या आधी गेली. आईला ताप नव्हता. पाणमोट वेळेवर फुटली होती. कोणाचं काही चुकलं नव्हतं.

बाई त्या संध्याकाळी माझ्या लॅबच्या स्टुलावर येऊन बसल्या. तिथे त्या कधी बसत नसत. म्हणाल्या, "साळवी, आपण काय तपासलं नाही?"

 बाईंनी परदेशात असलेल्या आपल्या मैत्रिणीला पत्र लिहिलं. तिने मासिकातली पानं पाठवली. त्यात होतं ते असं. काही बायकांच्या जननमार्गात एक जंतू मुक्कामाला असतो. बाईला त्याचा काडीचा त्रास नाही. बाळंतपणात मात्र तो बाळाला लागू शकतो. बहुतेक बाळांना काही होत नाही. एखाद्याला होतं, आणि मग वेळ मिळत नाही. म्हणून नवव्या महिन्यात कापसाच्या बोळ्यावर नमुना घ्यायचा, जंतू वाढतो का ते दोन दिवस बघायचं, आणि वाढला तर कळा सुरू झाल्या झाल्या आईला इंजेक्शन द्यायचं.

तेव्हा मोठमोठ्या शहरांतही हे फारसं कोणी करत नव्हतं. मी तसं म्हणालोदेखील. बाई म्हणाल्या, "मग आपण करू."

मला वाटलं, झालं! आता जिन्याखाली संशोधन.

* * *

हा जंतू वाढवायला काचेच्या बशीत रक्त घातलेली जेली लागते. तिच्यावर तो वाढला की भोवतीचं रक्त विरघळून फिकट कडं पडतं. पुस्तकात लिहिलेलं, रक्त मेंढीचं. बाई पुस्तकाबाहेर जाणाऱ्यांतल्या नव्हत्या.

मी बाजारात हसनभाई खाटकाकडे गेलो.

"मेंढी?" हसनभाई सुरी धरून माझ्याकडे बघतच राहिला. "साळवी, ही रत्नागिरी हाय! हितं बोकड. मेंढी व्हयी तर घाटावर जावा."

शेवटी ठरलं. घाटावरून मंगळवारी एखादी मेंढी येते, तेव्हा सकाळी यायचं. रक्त गोठू नये म्हणून मी निर्जंतुक बाटलीत काचेचे मणी घालून न्यायचो आणि रक्त घेतलं की दहा मिनिटं बाटली हलवत राहायचो. तेवढ्यात बाजार ओलांडून प्रसूतिगृह यायचं. लाल बाटली हलवत भर रस्त्याने चाललेला माणूस! माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, त्यातली दोन स्थळं त्याच रस्त्यावर राहत होती. दोन्ही फिसकटली.

चौथ्या मंगळवारी हसनभाईला राहवलं नाही. "येवढ्या रक्ताचा करताव काय?"

"त्यावर जंतू वाढवतो."

त्याने सुरी खाली ठेवली. "अल्ला! आमी दिवसातना धा येळा दुकान धुताव जंतू होव नये म्हणून, आनि तुमी हितनं नेऊन वाढवताव?"

वर्षभराने त्याची सून नवव्या महिन्यात तपासायला आली. त्या मंगळवारी मला बाजारात जावंच लागलं नाही. हसनभाई स्वतः बाटली हलवत माझ्या दारात उभा होता. "ताजा हाय," तो म्हणाला. "आज नीट बगा."

मी रोजच नीट बघायचो. त्या दिवशी दोनदा बघितलं.

* * *

खरी पंचाईत समजावून सांगण्याची. ज्या बाईला काही होत नाही तिची तपासणी कशाला? आणि तपासणीत सापडलं, तर लगेच औषध का नाही?

बाई शास्त्र सांगायच्या. आत्ता इंजेक्शन दिलं तर जंतू जातो आणि बाळंतपणापर्यंत परत येतो, म्हणून ते कळांच्या वेळीच द्यायचं. समोरच्या बायका मान हलवायच्या आणि पुढच्या वेळी यायच्याच नाहीत.

एकदा लांज्याकडची एक सासू सुनेला घेऊन आली होती. शेतकरी बाई, कासोटा, हातात विळ्याचे जुने वण. तिने बाईंचं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे बेणनीसारा म्हना की."

"कशासारखं?"

"गवत आज काडला तर लावनीपातूर पुना येतला. लावनीच्या तोंडाव काडला का रोपाला तरास न्हाय."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरोबर. अगदी तसंच."

म्हातारी तेवढ्यावर थांबली नाही. बाहेर बाकावर बसून तिने उरलेल्या सात-आठ जणींना बेणणी समजावली. त्या दिवशी एकही बाई नमुना दिल्याशिवाय गेली नाही. संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "साळवी, मी एवढी वर्षं शिकले त्यात लावणी नव्हती!" पुढे त्या सगळ्यांना बेणणीच सांगायच्या. शहरातल्या मास्तरणी आणि कारकुनांच्या बायकांनाही! त्यांना मग बेणणी समजावून सांगावी लागायची.

* * *

मे महिन्यात एका दुपारी वळवाचं वादळ झालं आणि वीज गेली. तारा तुटलेल्या, दोन दिवस येणार नाही अशी बातमी. माझ्या जंतू उबवायच्या विजेच्या पेटीत अकरा बशा. जंतू वाढायला अंगाएवढी ऊब लागते, आणि पेटी तर थंड व्हायला लागलेली. त्या अकरांपैकी दोघींचे दिवस अगदी भरत आलेले.

मी बशा टॉवेलात गुंडाळल्या, छातीशी धरल्या. किती वेळ धरणार? मावशी हे सगळं दारातून बघत होती.

"साळवीनु, शेजारी अढी घातलीय ना आंब्यांची?"

शेजारच्या बागायतदारांच्या माजघरात हापूसची अढी होती. भाताच्या पेंढ्यात आंब्यांचे थर. "मावशी, त्याचा काय संबंध?"

"हात घालून बगा. किती गरम असता ता! आंबे पिकतात तर तुमचे जंतू का न्हाय पिकणार?"

मी थर्मामीटर घेऊन गेलो. पेंढ्यात खोल खुपसला. छत्तीस! बिस्किटांच्या डब्यात बशा भरल्या, डबा अढीत पुरला, आणि शेजारच्या वहिनींना बजावलं की हा डबा कोणीही उघडायचा नाही. त्यांनी विचारलं, आत काय आहे. मी म्हणालो, औषध. खरं सांगितलं असतं तर त्या वर्षी त्या घरात कोणी आंबा खाल्ला नसता.

अकरापैकी दोन बशांवर कडी आली. बाईंनी वहीत लिहिलं, 'अढीत वाढवले, निकाल ग्राह्य.' आमच्या त्या वहीत याहून शास्त्रीय वाक्य दुसरं नाही.

* * *

आता अनशीमावशीचा. हा सांगताना मला अजून हसावं की काय ते कळत नाही.

जिच्या नमुन्यात जंतू सापडेल तिच्या कार्डावर, वरच्या बाजूला मध्यभागी, मी लाल शाईचा ठिपका द्यायचो. कळा घेऊन बाई कुठल्याही वेळी आली, तरी ठिपका दिसला की इंजेक्शन. फार सोपी पद्धत. माझीच कल्पना, आणि मला तिचा अभिमानही होता.

एके दिवशी बघतो तर सगळ्या कार्डांवर लाल ठिपका! तीस-बत्तीस कार्डं. सगळी रत्नागिरी एकदम बाधित! मी हात लावून बघितला तर बोटाला कुंकू लागलं.

मावशीला बोलावलं. ती अजिबात घाबरली नाही.

"मीच लावला. काहींना कुंकू आनि काहींचा कपाळ कोरा? पोटुशी बाय ती! तिचा कार्ड तरी कोरा कसा ठेवायचा?"

एकाच कार्डाला कुंकू नव्हतं, एका मुसलमान मुलीच्या. त्याला मावशीने अत्तर लावलं होतं!

मी कपाळाला हात लावला. आम्ही वही काढून एकेक कार्ड पुन्हा जुळवत बसलो. बाईंनी मावशीला समोर बसवलं आणि ठिपक्याचा खरा अर्थ सांगितला. आईला काही होत नाही, बाळ चांगलं जन्मतं, रडतं, दूध पितं, आणि दुसऱ्या दिवशी कण्हायला लागतं.

मावशी ऐकता ऐकता एकदम गप्प झाली. तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"बाई," ती म्हणाली, "माजा पहिला झालेला तो असाच कण्हत व्हता. दुसऱ्या दिवशी. सासू म्हणाली, तुजी नजर लागली. आयशीचीच लागते म्हणे. मी त्येच्याकडं लय बगत व्हते."

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"तो ह्येनंच गेला असंल काय?"

"माहीत नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "असेल. पण नजरेनं नाही गेला. कधीच नाही."

मावशी पदराने डोळे पुसत उठली आणि ओल्या फडक्याने एकेका कार्डावरचं कुंकू पुसायला लागली. पुसताना प्रत्येक वेळी, "बाय, माफ कर गो." मला तिथे उभं राहवेना. बशा धुवायच्या आहेत असं सांगून मी जिन्याखाली गेलो. बशा सकाळीच धुतल्या होत्या.

त्यानंतर खुणेसाठी हिरवी पट्टी आली. आणि नमुना न देता निघणाऱ्या बाईला मावशी दारात अडवायची. "बस खाली! तुला काय व्हत न्हाय ता ठाव हाय. तुजा कोण इचारतोय?"

* * *

नवरे मुंबईत. गिरणीत, गोदीत, कुठे कुठे. बायकोच्या कार्डावर हिरवी पट्टी आली की गावातून पत्र जायचं, आणि पत्रात 'हिला जंतू निघाला' एवढंच असायचं. मग नवऱ्याच्या डोक्यात नको ते.

असाच एकजण ट्रंक घेऊन थेट एसटीतून उतरून आमच्याकडे आला. घरीसुद्धा गेला नव्हता. बायकोच्या नावाचा कागद माझ्यापुढे टाकला. "ह्या कोनाकडनं आला ता सांगा!"

मी त्याला बाईंकडे नेलं. बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं. "कोणाकडून नाही. हा जंतू चांगल्या चांगल्या बायकांत असतो. माझ्यातही असेल. याचा चालचलणुकीशी संबंध नाही. बायकोला एक शब्द बोललात तर माझ्याशी गाठ आहे."

तो खाली बघत बसला. डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण नाक जोरात शिंकरलं. नमस्कार करून बाहेर आला. ट्रंक उचलली, दारापर्यंत गेला, आणि परत माझ्याकडे आला.

"साळवीसायेब, माजी एक तपासनी करताव?"

"कशाची? तुम्हाला काय झालंय?"

"न्हाय, झाला काय न्हाय." इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "पन मी मुंबयला असतो ना."

मी त्याच्या दंडाला रबर बांधलं.

* * *

आणि हा शेवटचा.

सुनंदा नावाची एक मुलगी होती. पहिलटकरीण, सासर रत्नागिरीजवळच. नववा लागल्यावर नमुना देऊन गेली, निकालाला दोन दिवसांनी यायचं होतं. ती आली नाही. माझ्या बशीवर मात्र कडं आलं, चांगलं ठळक.

सासरी निरोप पाठवला तर कळलं, भाऊ आला होता, दिवस बरा होता, तो तिला बाळंतपणाला माहेरी घेऊन गेला. माहेर राजापूरच्या वर डोंगरातलं एक गाव. फोन नाही, दवाखाना नाही, बाळंतपणं घरीच. बाईंनी तारीख मोजली आणि चेहरा उतरला. "साळवी, ही आठवडासुद्धा काढणार नाही."

रत्नागिरीहून सकाळी त्या गावाला एक एसटी जायची आणि तशीच परत यायची. तिच्यावर मयेकर नावाचा कंडक्टर होता. माणूस खडूस. सुट्या पैशांवरून रोज कोणाशी तरी भांडायचा. पण आमची पाकिटं न्यायचा. बाईंनी सोप्या मराठीत चिठ्ठी लिहिली. मुलीला आजार नाही, पण कळा सुरू होताच तिला राजापूरच्या दवाखान्यात न्या, बाळासाठी इंजेक्शन द्यायचं आहे, घरी बाळंतपण करू नका. खाली राजापूरच्या डॉक्टरांसाठी दोन ओळी. वर नाव, सौ. सुनंदा, आणि सासरचं आडनाव.

मयेकर गावात पोचला, उतरला आणि विचारलं, सुनंदा कोणाची? त्या गावात सुनंदा नव्हतीच! कोणाला ते आडनावही माहीत नाही. आणि असणार कसं? सुनंदा हे तिचं लग्नातलं नाव. माहेरी तिला त्या नावाने एकानेही कधी हाक मारलेली नव्हती. आमच्या कार्डावर सासरचं नाव, सासरचं गाव, सगळं सासरचं. माहेरचं नाव विचारायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं, आणि अर्ध्या बायका बाळंतपणाला माहेरी जाणार हे आम्हाला रोज दिसत होतं!

दुसरा कोणी असता तर पाकीट परत घेऊन आला असता. मयेकरने ड्रायव्हरला हॉर्न दाबून ठेवायला सांगितलं. गाव गोळा झालं. मयेकर फुटबोर्डावर उभा राहिला आणि ओरडला, "नववा महिना लागलेल्या जेवढ्या माहेरवाशिणी असतील तेवढ्या गाडीजवळ आणा!"

तिघी आल्या. आपापल्या आईचा हात धरून. त्यांतली एक लाजत म्हणाली, "सुनंदा मी." सकाळपासून तिच्या कमरेत दुखत होतं. आई म्हणत होती, अजून वेळ आहे.

मयेकरने चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली, कारण तिथे वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. सुनंदाची आई घरातून बोचकं घेऊन आली. दोघी गाडीत चढल्या. मयेकर डबल बेल देणार, तेवढ्यात दुसऱ्या मुलीच्या आईने दाराची दांडी धरली.

"थांब रे. हिची तपासनी झाली म्हणून हिचा कळला. आमच्या पोरींची कुनी केलीय?"

  मयेकर बाजूला सरकला आणि त्या दोन मुली आणि त्यांच्या आया, अशा चौघीही चढल्या.

राजापुरात गाडी स्टँडवर गेलीच नाही. दवाखान्याच्या फाटकातून आत गेली. तिथल्या डॉक्टरांचा बाईंना ट्रंक कॉल आला, तेव्हा मी शेजारीच होतो. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहो, तुमची चिठ्ठी एकीची आहे. इथे तिघी आल्यात! बाकीच्या दोघींचा रिपोर्ट कुठाय?"

बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "नाही. तो कोणी केलाच नाही. वेळ आली की तिघींनाही द्या."

 मी घाबरलो होतो, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सुनंदाला मुलगा झाल्याचा निरोप आला. त्यानंतरचे दोन दिवस बाई फोनच्या आसपासच होत्या. कण्हतोय, असा निरोप आला नाही.

महिन्याभराने मयेकर लॅबच्या दारात उभा. हातात डेपोचा मेमो. ठरलेला मार्ग सोडून गाडी दवाखान्याच्या आवारात का नेली आणि त्या वेळी गाडीत सदर गावचे किती प्रवासी होते, याचा लेखी खुलासा करावा. खुलासा त्याने लिहून आणला होता. "साळवी, शुद्धलेखन तेवढं बघा," म्हणाला. मी वाचायला घेतला.

'सदर गावाहून गाडीत सहा प्रवासी चढले. सहाही जणांना तिकीट दिले होते. काल स्वतः गावात जाऊन खात्री केली असता ते नऊ असून सर्व खुशाल आहेत. तरी तीन प्रवासी विनातिकीट नेले, ही चूक मान्य आहे.'